पाव फेरा

फिरणारी कुठलीही वस्तू दिसली की काकाजी तिच्यापुढे उभे राहायचे, उजव्या हाताचं मधलं बोट तिच्यावर रोखायचे आणि विचारायचे, "हे काय फिरवून राहिलं?" मधलं बोट अशासाठी, की शेजारच्या बोटाचं टोक तरुणपणी मशीनच्या पट्ट्यात गेलं होतं.

रसवंतीचा चरक त्यांना पटायचा. पिठाची चक्की पटायची. पण एका लग्नात मांडवाच्या छताला फिरणारा रंगीत गोळा दिसला, तेव्हा त्यांनी नवरदेवाच्या मामाला तोच प्रश्न विचारला. मामा म्हणाला, "काई नाई जी, नुसतं फिरते." काकाजी पंगतीला न बसता घरी निघाले. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला सोबत न्यायचं म्हणजे यजमानाची आधीच माफी मागून ठेवावी लागते. पांढुर्ण्याच्या जत्रेत नदीच्या दोन्ही काठांवरून दगड वर्षातून एक दिवस चालतात, काकाजी बारा महिने चालायचे.

आधीच सांगून टाकतो, हे मी रागात लिहितोय. राग कोणाकोणावर आहे ते पुढे येईलच. त्या यादीत पहिलं नाव माझं आहे.

मी सौंसरला शाळेत विज्ञान शिकवायचो आणि दिवाळी अंकांसाठी गोष्टी लिहायचो. माझ्या गोष्टींतल्या जगात वीज कधी आलीच नव्हती. सगळं वाफेवर चालायचं. पितळी विमानं, दातेरी चाकांचे घोडे, भिंतभर नळ्या आणि घड्याळं. एका गोष्टीत मी पांढुर्ण्याहून नागपूरला संत्री घेऊन जाणारं वाफेचं विमान उडवलं होतं. त्याचा कप्तान टोपीवर गॉगल चढवून उभा होता आणि इंजिन छुक छुक करत होतं.

अंक बाजारात आला आणि आठवड्याच्या आत, मधल्या सुट्टीत, इस्त्रीचा शर्ट घातलेला एक उंच म्हातारा शाळेच्या ओट्यावर येऊन बसला, तेच काकाजी. काखेत अंक, शर्टाच्या खिशात सुताराची लाल-निळी पेन्सिल.

"छुक छुक तुमीच लिवलं काय?"

"हो."

"हा रेल्वेचा आवाज होय. जिनातलं इंजिन छुक छुक नाई करत. तुमी आयकलं काय कधी?"

"नाही."

"मंग कायले लिवलं?"

मी चहा मागवला. त्यांनी तो पिऊन अंक माझ्या हातात दिला. विमानाच्या चित्राशेजारी लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'पाणी कोठून भरले?' त्याखाली निळ्यानं, 'कोळसा कोण मारतो? त्याचे नाव का नाही?'

ते पांढुर्ण्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. होते म्हणजे, फॅक्टरी केव्हाच बंद झालेली, सरकी आणि रुई वेगळी करणारी मशीनं भंगारात गेलेली, मालकाची मुलं नागपूरला राहायला गेलेली. मागच्या शेडमध्ये फक्त एक जुनं वाफेचं इंजिन उरलं होतं, कारण ते हलवण्याचा कोणाला उत्साह नव्हता. त्या शेडची किल्ली काकाजींकडे होती. पगार नव्हता, हुकूम नव्हता, किल्ली होती.

पुढच्या रविवारी मी सौंसरहून बस धरून गेलो. काकाजींनी आधी चपला काढायला लावल्या. आत माझ्यापेक्षा उंच चाक होतं, काळंभोर, तेलानं चमकणारं. त्याच्या कडेला भोकं होती. काकाजींनी त्यातल्या एका भोकात पहार घातली, अंगाचा सगळा भार टाकला आणि चाक हळूच, कुरकुर न करता, पाव फेरा फिरलं. मग त्यांनी खिशातून खडू काढून चाकाच्या माथ्यावर एक रेघ मारली.

"दर ऐतवारी पाव फेरा," ते म्हणाले. "एका जागी उभं राह्यलं त बेअरिंग धरते. मंग कोणाच्या बापाच्यानं फिरत नाई."

"पण चालवायचं कुठं आहे आता?"

"ते मले नका विचारू. म्या तयार ठेवलं आहे. येक दिवस आवाज आयकवतो तुमाले, मंग छुक छुक लिवान नाई."

त्या शेडमध्ये बसून मी त्यांना माझ्या जातीच्या गोष्टींचा सगळा इतिहास सांगितला. वाफेच्याच काळात परदेशातल्या लेखकांनी उद्याचं जग रंगवलं, तेव्हा त्यांच्यासमोर लोखंड आणि पितळ होतं, म्हणून त्यांची चंद्रावर जाणारी यानंसुद्धा बॉयलरसारखी दिसायची. पुढे शंभरेक वर्षांनी काही लेखकांनी मागे वळून विचारलं, की पेट्रोल आणि वीज आलीच नसती तर? चाळीसेक वर्षांपूर्वी त्यांच्यातल्याच एकानं गमतीत त्या गोष्टींना 'स्टीमपंक' म्हटलं आणि नाव चिकटलं. सुरुवातीच्या काही गोष्टींत डंख होता, साम्राज्याची टर होती, यंत्रापायी गरिबाचं काय होतं तेही होतं.

"पंक म्हंजे काय?"

"कोणाचं न ऐकणारा. तोंडावर उलट बोलणारा."

"मंग तो मी होय," काकाजी म्हणाले. "पुढं सांगा."

पुढे गोष्टींतून कपडे बाहेर पडले, असं मी सांगितलं. लोक उंच टोप्या, लांब कोट आणि गॉगल घालून जमू लागले. घड्याळाची चाकं काढून टोपीला, पट्ट्याला, फोनच्या कव्हरला चिकटवू लागले.

"टोपीवरचं चाक काय फिरवून राहिलं?"

"काही नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लग्नातल्या त्या मामाकडे पाहिलं असेल तसंच.

मी घाईनं पुढे गेलो. वाफेची हौस फिटल्यावर काहींनी डिझेलच्या काळाच्या गोष्टी लिहिल्या, मोठाली काळी मशीनं आणि युद्धं. त्याला डिझेलपंक म्हणतात. मग अणूच्या काळाच्या, चकचकीत उडत्या मोटारींच्या. आणि आता नवे लेखक म्हणतात, मागचं पुरे, पुढचं चांगलं जग रंगवू, सगळीकडे झाडं आणि छपरावर सूर्याच्या पाट्या. ते सोलरपंक.

"पाट्यावरची धूळ कोण पुसते?"

"काकाजी, ती गोष्ट आहे."

"गोष्टीत बी धूळ बसते. डिझेल इंजिन आमच्या वावरात बी होतं. हँडल मारता मारता खांदा उतरत होता. कोण्या गोष्टीत आहे काय खांदा?"

मग ते भिंतीकडे बघत बोलले. त्यांचे वडील याच इंजिनाच्या बॉयलरवर कोळसा मारायचे. परासियाहून कोळसा यायचा, ते पहाटेपासून फावड्यानं तो आगीत टाकायचे. बॉयलरचं दार उघडलं की झळ तोंडावर यायची.

"बापाले भुवया नव्हत्या. म्या कधी पाह्यल्याच नाई. पन्नाशीत डोये गेले. मालकाले गॉगल मांगला होता येकदा, मालक हासला. गॉगल भेटला असता त बापानं माह्या पोरीचं तोंड पाह्यलं असतं." त्यांनी माझ्या अंकातल्या कप्तानावर मधलं बोट ठेवलं. "अन् तुमी तो टोपीवर चढवून राहिले. डोयावर बी नाई."

मला राग आला. खरं सांगतो, त्यांचाच आला. परतताना बसमध्ये मनातल्या मनात मी त्यांना बरीच उत्तरं दिली. कल्पनेला असे प्रश्न विचारायचे नसतात, साहित्य म्हणजे मशीनचं पुस्तक नव्हे, वगैरे. मोहगावचा फाटा येईपर्यंत माझ्याकडची उत्तरं संपली होती. पुढच्या गोष्टीत माझ्या विमानाला एक कोळसेवाला आला. त्याला नाव होतं आणि भुवया नव्हत्या. ती गोष्ट काकाजींकडून परत आली तेव्हा तिच्यावर लाल खुणा सात होत्या आणि शेवटी निळ्यानं 'बरी' असं लिहिलेलं होतं. इतकी वर्षं लिहितोय, कोणाच्या शेऱ्यानं मी इतका खूश झालो नाही.

असं काही वर्षं चाललं. मी गोष्ट लिहायचो, ते खुणा करायचे. नळी कुठं फुटेल, पट्टा कुठल्या बाजूनं उतरेल, गव्हर्नरचे दोन गोळे वेग वाढला की वर उठतात आणि वाफ कमी करतात, मग ते तुमच्या राक्षसी घोड्याला का नाहीत. दर रविवारी पाव फेरा आणि खडूची रेघ. मीही दोनदा पहारेला हात लावला. दोन्ही वेळा त्यांनी मला बाजूला केलं.

आता माझं कर्तृत्व ऐका.

मी त्या इंजिनावर एक लेख लिहिला आणि फोटोसकट छापून आणला. काकाजींचं कौतुक व्हावं म्हणून लिहिला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. त्यात माझ्या गोष्टींबद्दलच जास्त होतं. लेख वाचून नागपूरहून एक नवरा-बायको मोटारीनं आले. हॉटेलांची सजावट करायचे. त्यांना स्टीमपंक कॅफे काढायचा होता. दोघांनी माझ्या गोष्टी वाचल्या होत्या, निदान तसं म्हणाले, आणि विमानाच्या गोष्टीचं बाईंनी असं कौतुक केलं की मी बिस्किटं आणायला स्वतः दुकानात गेलो.

मालकाच्या मुलांशी त्यांचं बोलणं आधीच झालं होतं. शेड पडणारच होती. इंजिन एक तर भंगारात जाणार नाहीतर यांच्याकडे. काकाजींनी एकच विचारलं, "चालवान काय?"

"बिल्कुल अंकल," तो माणूस म्हणाला. "रोज शाम को चलाएंगे. हवा से. कंप्रेसर लगा देंगे."

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. दाबाच्या हवेवर असं इंजिन चालतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांना विचारायचं होतं ते माणसाबद्दल. मी म्हणालो, "चांगली माणसं आहेत. माझा शब्द."

माझा शब्द! मी त्या नवरा-बायकोकडून एक ओळ लिहून घेतली नाही. का घेतली नाही? कारण त्यांनी माझं लिहिणं वाचलं होतं. लेखकाला विकत घेणं किती स्वस्त असतं, हे तुम्हाला माहीत नसेल तर माझ्याकडे बघा.

इंजिन काकाजींनीच खोललं. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. बोरगावच्या कारखान्यातली दोन ओळखीची माणसं फक्त उचलायला होती. प्रत्येक भाग पुसून, तेल लावून, त्यावर त्यांनी हातोडीनं आकडा ठोकला. एक ते एकसष्ट. आकडा म्हणजे जोडायचा क्रम. तळाची बैठक एक, मोठं चाक अठ्ठावन्न. आणि एका शंभरपानी वहीत, ठळक अक्षरात, कुठला भाग कसा बसवायचा, किती आवळायचा, कुठं तेल द्यायचं हे लिहिलं. तीन आठवडे ते काम चाललं. शेवटच्या दिवशी ट्रक भरला तेव्हा त्यांनी वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या बाईंच्या हातात दिली आणि म्हणाले, "बाई, आकड्यापरमानं जोडजा."

"जी अंकल, ज़रूर," बाई म्हणाल्या.

कॅफे उघडल्याचं बोलावणं आम्हाला आलं नाही. मला ते फोनवर दिसलं. मी काकाजींना घेऊन नागपूरला गेलो, दिवसाढवळ्या, दुपारी. त्यांनी नवा शर्ट घातला होता. पिशवीत तेलाची कुपी, खिशात खडू.

दार उघडून आत गेलो आणि पहिल्यांदा मला काही समजलंच नाही. काकाजींना समजलं. ते भिंतीपाशी गेले आणि बोट ठेवत आकडे वाचू लागले.

"बारा. बाराच्या बाजूले चाळीस काहून लावलं? चाळीस त लय मांगून येते." पुढे सरकले. "सतरा. सतरा उलटा हाय." एका टेबलाखाली वाकले. मोठा दांडा मधोमध कापून टेबलाचे दोन पाय केले होते. एका पायावर तेहतीसचा आकडा होता, दुसऱ्यावर काहीच नव्हतं. गव्हर्नरच्या एका गोळ्याचा दिवा झाला होता.

"दुसरा गोया कोठी हाय?"

"दूसरी ब्रांच में, अंकल," वेटर म्हणाला.

वही काचेच्या चौकटीत होती, पहिली दोन पानं उघडी ठेवून, हात धुवायच्या बेसिनवर. एकसष्ट भागांची ती वही त्या कॅफेत कोणी दोन पानांपलीकडे उलटली नव्हती.

चाक काउंटरमागे भिंतीला बोल्टांनी ठोकलेलं होतं आणि त्याच्याभोवती निळ्या दिव्यांची पट्टी पळत होती. त्यावर वार्निश मारलं होतं. वार्निशखाली खडूची शेवटची रेघ तशीच होती, तिरकी, आडवी, माथ्यापासून दूर. काकाजींनी काउंटरच्या आत जाऊन दोन्ही हात चाकाला लावले आणि भार दिला. मॅनेजर धावत आला. तरुण, दाढीवाला, डोक्यावर उंच टोपी आणि टोपीवर गॉगल.

"हे काय फिरवून राहिलं?" काकाजींनी विचारलं. आवाज इतका हळू होता की मला ऐकू येण्यापुरताच.

"अंकल, घूमता नहीं है. लुक के लिए है."

मला वाटलं, आता दगड सुटेल. मी त्याची वाट बघत होतो. मला तो हवा होता. पण काकाजींनी हात पुसले, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "मास्तर, तुमी म्हणलं होतं." बस्स. परतीच्या बसमध्ये पांढुर्णा येईपर्यंत ते तेलाची कुपी मांडीवर धरून बसले होते.

त्यानंतर मी मुद्दाम एक गोष्ट लिहिली. त्यात बॉयलरमध्ये पाण्याचा थेंब नव्हता, पट्टा चाकाला शिवत नव्हता, गॉगल सगळ्यांच्या टोप्यांवर होते आणि इंजिन पहिल्या ओळीपासून छुक छुक करत होतं. त्यांना पाठवली. म्हटलं, आता तरी शिव्या देत सौंसरच्या ओट्यावर येतील. गोष्ट आठ दिवसांनी टपालानं परत आली. मी पानन् पान उजेडात धरून पाहिलं. एकही खूण नव्हती.

मी गेलो तेव्हा ते चहा द्यायचे, पावसापाण्याचं बोलायचे, माझ्याशी अतिशय सभ्यपणे वागायचे. मला त्यांचा सभ्यपणा सहन व्हायचा नाही. माफी मागायला मी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा त्यांनी विचारलं, "साखर बरोबर हाय काय?" रविवारी सकाळी ते आता घरीच असायचे. शेडच्या जागी प्लॉट पडले होते.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. साधा ताप होता, तो उतरलाच नाही. मोहगावला दिलेली त्यांची मुलगी दहाव्याला मला म्हणाली, "सर, बाबाची ते वही तेवढी आणून देता काय? बाबाचं अक्षर दुसरं कोठीच नाई."

मी दुसऱ्याच दिवशी नागपूरला गेलो. कॅफेत पोरंपोरी भिंतीला टेकून फोटो काढत होती. मी सरळ बेसिनकडे गेलो आणि चौकट खिळ्यावरून उतरवली. मॅनेजर आडवा आला.

"सर, ये प्रॉपर्टी है."

"बोलाव पोलीस," मी ओरडलो. चाळीस वर्षं वर्गात ओरडलेला घसा आहे माझा, कामी आला. "बोलाव! आणि ही चाकं काय फिरवतात ते त्यांना सांग!"

दोन-चार जणांनी फोन माझ्यावर धरले. खुशाल धरा. मी चौकट काखेत मारून बाहेर पडलो, कोणी मागं आलं नाही. इतकं सोपं होतं तर मी हे काकाजींच्या डोळ्यांदेखत का केलं नाही, हा प्रश्न बस स्टँडपर्यंत माझ्यासोबत चालत आला.

स्टँडच्या बाकावर मी चौकटीची मागची बाजू फोडली. पहिली दोन पानं उन्हानं पिवळी पडलेली, बाकीची वही कोरी करकरीत. मी एकेक आकडा वाचत गेलो. बैठक. सिलिंडर. दांडा. गव्हर्नरच्या गोळ्यांपाशी कंसात 'दोन्ही सारखे असावे, तपासणे' असं होतं. अठ्ठावन्नला चाक. एकसष्टाव्या भागानंतर त्यांनी रेघ मारली होती आणि तिच्याखाली, त्यांच्या त्या निळ्या पेन्सिलीनं, लिहिलं होतं:

'पहारेने पाव फेरा. अडले नाही तर अर्धा. मग पूर्ण. मग थांबणे. मास्तर सौंसरहून आल्याशिवाय हवा सोडू नये. त्यांना पहिला आवाज ऐकवायचा आहे.'

सौंसरची बस लागली होती. कंडक्टरनं दोनदा हाक मारली, मग बस गेली.

वाफेवर मी इतकी पानं लिहिली. त्या इंजिनाचा आवाज कसा होता, ते मला माहीत नाही.